वजनकाट्याजवळचं स्टूल

"हिच्यासमोर नाही," नाना म्हणाले.

माझ्याकडे न बघता म्हणाले. साहेबांच्या खुर्चीमागे औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात त्यांच्या सुनेचा केसपेपर. त्यावर दोन बैठकांच्या नोंदी, माझ्या अक्षरात.

"घरची गोष्ट आहे, डॉक्टरसाहेब. ती कोणासमोर काढायची याला काही रीत असते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता ते बोलतील. साहेब चांगले गृहस्थ होते. शिबिरांतून भाषणं करायचे. मनाच्या आजाराला जातपात नसते, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून तीन वेळा ऐकलं होतं. टाळ्याही वाजवल्या होत्या.

साहेब म्हणाले, "बाई, असं करा. तुम्ही पडद्यामागे बसा. समोर सिस्टर बसतील. काय विचारायचं ते तुम्ही चिठ्ठीवर लिहून द्या. काम तुमचंच राहील."

काम तुमचंच राहील. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू माझ्या पदरात काही टाकत होते.

मी म्हणाले, "बरं, सर."

हे दोन शब्द मी गेली कित्येक वर्षं चघळते आहे. नानांचा राग येऊन गेला, साहेबांचा येऊन गेला. या दोन शब्दांचा अजून जात नाही.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मनाच्या आजारांच्या विभागात नोकरीला होते. साल नव्वदच्या आसपासचं. समुपदेशक हा शब्द आमच्याकडे तेव्हा कोणी वापरत नसे. कागदावर मी समाजसेविका. पेशंटच्या तोंडी 'बोलनाऱ्या बाई'. डॉक्टर गोळ्या देत, मी बोलत. खरं तर मी ऐकत असे, पण ऐकण्यासाठी कोणी माणूस नेमतं हे लोकांना पटत नसे.

घरात शिकलेली मी पहिली. आबा गिरणीत होते, माय लोकांच्या शेतात कपाशी वेचायला जायची. आम्ही बौद्ध. मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातलं. आणि माझं आडनाव असं की खानदेशात ते चार जातींत सापडतं. आमच्यातही आहे, पाटलांतही आहे. त्यामुळे आमच्याकडे आडनाव सांगून भागत नाही. लोक पुढचं विचारतात. गाव कोणतं? गावात घर कुठल्या अंगाला? तिकडचे अमुक तुमचे कोण? चार प्रश्नांत माणूस बरोबर ठिकाणावर येतो.

नाना चोपड्याकडचे केळीचे बागायतदार. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग आपणच म्हणाले, "म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच." मी काही बोलले नाही. केसपेपर लिहीत राहिले. सुनेला बरं करायचं आहे, उगाच तिढा कशाला, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. 'आपल्यातल्याच' म्हटल्यावर नानांनी मला खुर्ची पुढे सरकवून दिली होती. मला ते बरं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

नानांचे कोणी पाहुणे आमच्या गावात होते. दोन आठवड्यांत त्यांना कळलं, आमचं घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे ते. मग कॅलेंडर, मग पडदा.

आता त्या सुनेबद्दल. तिचं नाव सांगणार नाही, तो माझ्या कामाचा नियम आहे. घरचे तिला सूनबाईच म्हणत. वय चोवीस. चार महिन्यांपासून बोलणं बंद. चुलीपुढे बसली की बसली, भाकरी करपली तरी उलटायची नाही. पोराला जवळ घ्यायची नाही. घरच्यांनी आधी बाहेरचं समजून उतारे केले, दोरे बांधले, मग आमच्याकडे आणलं. पहिल्या बैठकीत ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या बैठकीत एकच वाक्य बोलली.

"माले काहीज वाटत नही."

काहीच वाटत नाही. मी ते तिच्याच बोलीत लिहून घेतलं. आमच्या कामात माणूस रडला, ओरडला, शिव्या दिल्या तर आम्ही घाबरत नाही. काहीच वाटत नाही म्हणाला की कान टवकारतो. पुढच्या एक-दोन बैठकांत ती बोलणार, हे मला माहीत होतं. ती बोलली, पण मी तिच्यासमोर नव्हते.

तपासणीच्या खोलीत एका कोपऱ्यात लोखंडी दांडीवर हिरवा पडदा होता. मागे तपासणीचं टेबल, पेशंटचा वजनकाटा आणि एक स्टूल. मी त्या स्टुलावर बसले. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. तेवढ्यातून मला तिची पावलं दिसत. टाचांना भेगा, बोटांत चांदीची जोडवी. माझ्या शिक्षणात पेशंटचा चेहरा कसा वाचावा हे शिकवलं होतं. मी पावलं वाचायला लागले. ती अस्वस्थ झाली की डाव्या अंगठ्यानं फरशी घासायची.

सिस्टर मनानं वाईट नव्हत्या. जातीनं नानांना चालणाऱ्या होत्या एवढंच. त्यांना या कामाची भीती वाटायची. सुई टोचायला सांगा, शंभर टोचतील, पण माणूस समोर गप्प बसला की त्यांच्या हाताला घाम सुटायचा. मी पडद्याच्या कडेनं चिठ्ठी द्यायची, त्या वॉर्डात औषधांची नावं वाचतात तशी खणखणीत वाचायच्या. दुखणं रेड्याला, डाग पखालीला, म्हणतात ना. बोलायचं एकीनं, बसायचं दुसरीनं, आणि बरं व्हायचं तिसरीनं.

पडद्यामागच्या पहिल्या बैठकीत विशेष काही झालं नाही. दुसऱ्या बैठकीत मी लिहून दिलं, 'माहेरी शेवटचं कधी गेला होता?' सिस्टरनी वाचलं. अंगठा फरशीवर घासला गेला. मग थांबला.

"माय मरनी तवय," ती म्हणाली. "मायनं तोंड बी देखू दिधं नही. केयीनी कापनी चालू व्हती. ट्रक उभा व्हता. सासरा बोलना, उद्या जाय. दुसरा दिन गऊ, तं राख व्हती."

एवढंच. आवाजात चढ नाही, उतार नाही. आई मेल्याचा निरोप आला, त्या दिवशी केळीचे घड ट्रकमध्ये भरायचे होते. मजुरांचा स्वयंपाक कोण करणार? म्हणून उद्या जा. दुसऱ्या दिवशी माहेरी पोचली तेव्हा आईचं तोंड नाही, राख. नानांना ही 'घरची गोष्ट' माझ्यासमोर का काढायला नको होती, ते मला तेव्हा कळलं. माझी जात त्यांना विटाळत होती हे खरंच. पण ज्याच्यासमोर मान खाली घालावी लागेल, असा माणूसही त्यांना नको होता.

घरी मी आबांना पडद्याचं सांगितलं.  आबांनी विचारलं, "बसाले स्टूल तरी देयेल शे ना?"

टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. गिरणीत तेहेतीस वर्षं उभं राहून काढलेल्या माणसाला स्टूल ही मोठी गोष्ट होती. मी हो म्हणाले. आबांना बरं वाटलं.

पडद्यामागच्या तिसऱ्या बैठकीत ती रडली. आधी मला आवाज आला नाही, पावलं दिसली. दोन्ही पावलं एकमेकांवर घट्ट दाबलेली. मग हुंदका आला. चार महिन्यांनंतरचा पहिला. अशा वेळी समोरच्यानं काहीही करायचं नसतं. पाणी द्यायचं नाही, पाठ थोपटायची नाही, पुरे आता म्हणायचं नाही. फक्त तिथे असायचं. आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य तेच. सिस्टर घाबरतील म्हणून मी घाईनं चिठ्ठी लिहिली आणि बाहेर सरकवली.

सिस्टरनी ती खणखणीत वाचली.

"थांबा. काही बोलू नका. तिला रडू द्या."

हुंदका तुटला.  बाहेर कोणीतरी केसपेपरचा नंबर पुकारत होतं, तेवढं ऐकू आलं.

मग सूनबाईनं शांतपणे विचारलं, "पडदाना मांगे कोन शे?"

सिस्टर म्हणाल्या, "कोणी नाही. वजनकाटा आहे."

मी उठले नाही. पडदा हातभर अंतरावर होता. हात उचलून बाजूला सारायचा, एवढंच काम. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तोंड मीच दाबलं होतं, स्वतःच्या हातानं. पावलांनी चपला शोधल्या. घातल्या. दाराकडे गेली. मी वजनकाट्याशेजारी बसून होते, आणि त्याच्यापेक्षा गप्प होते. त्याचा काटा तरी हलतो.

त्यानंतर तीन आठवडे ती आली नाही.

त्या तीन आठवड्यांचं मला फार आठवत नाही. कामावर जात होते. सायकल चालवत होते. पेशंटला प्रश्न विचारत होते. झोप येते का, भूक लागते का, रडू येतं का. पेशंट उत्तरं देत होते, मी लिहीत होते. अपमान झाला की आग लागते, असं लोक समजतात. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मला थंडही वाटलं नाही. पाय मुडपून बसल्यावर मुंग्या येतात, त्यानंतर पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. आणि ते सोयीचं होतं. हेही सांगून टाकते. साहेब समोर आले की मी नमस्कार करत होते, हसतही होते. विभागातले म्हणाले, बाई आता समजूतदार झाल्या.

एका दुपारी आबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. माय माझ्याकडे बघत होती. माझं ताट मी पुसून घेतलं होतं.

"भाजीमा मीठ नही शे," माय म्हणाली. "मी इसरी गऊ. तुले समजनं नही?"

मला समजलं नव्हतं. सगळी भाजी खाल्ली, दीड भाकरी खाल्ली, मीठ नाही हे कळलं नाही. मायनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर मी एक कोरा केसपेपर घेतला आणि स्वतःचा भरायला बसले. वय सत्तावीस. भूक आहे, चव नाही. झोप आहे, विश्रांती नाही. रडणे नाही. कामात लक्ष नेहमीसारखे. मुख्य तक्रार, या रकान्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं, 'काहीज वाटत नही.'

माझ्याच अक्षरात, तिचं वाक्य. दोन केसपेपर शेजारी ठेवले असते तर कोणाचा कोणता सांगता आला नसता.

मी तो कागद बराच वेळ बघितला. त्यावर सगळं विचारलेलं होतं. आजार कधी सुरू झाला, घराण्यात कोणाला होता का, पेशंटचा स्वभाव कसा. एकच गोष्ट विचारलेली नव्हती. हे कोणी केलं? तो रकानाच नव्हता. आई जळत असताना जिला मजुरांच्या भाकरी थापायला लावल्या, तिच्या कागदावर आम्ही लिहिलं होतं, 'स्वभाव अबोल.' शिकून पदवी घेऊन आलेल्या मला पडद्यामागे बसवलं, आणि माझ्या कागदावर मी लिहीत होते, 'चव नाही.' आम्ही लोकांना सोसायला शिकवतो आणि त्याला बरं होणं म्हणतो. माझे आबा तेहेतीस वर्षं बरे होते. कधी तक्रार नाही. स्टूल मिळालं का, एवढं विचारण्याइतके बरे.

तेव्हा मला राग आला. पहिल्यांदा. फार मोठा नाही, पण माझा होता. मी पाण्याचा घोट घेतला आणि पाण्याला पितळेच्या तांब्याची चव आहे हे मला कळलं.

चौथ्या आठवड्यात नानांनी सुनेला परत आणलं. आता ती जेवतही नव्हती. गाल बसले होते. नाना साहेबांच्या खोलीत बसले, तिला तपासणीच्या खोलीत बसवलं. साहेब मला व्हरांड्यात भेटले.

"बाई, मागच्यासारखंच करू. सिस्टरना नीट समजावून सांगा, सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या नसतात म्हणून."

"नाही, सर."

"म्हणजे?"

"मी समोर बसेन. नाहीतर बसणार नाही."

साहेब रागावले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "पेशंटचं हित बघा. तुमचं भांडण तिच्या उशाशी नको."

ही गोष्ट मला आधी दोनदा गप्प करून गेली होती. एकदा नानांनी खुर्ची सरकवली तेव्हा, एकदा सिस्टरनी वजनकाटा म्हटलं तेव्हा. दोन्ही वेळा मी पेशंटचं हित बघितलं होतं, आणि पेशंट आता अन्नाला शिवत नव्हती. मी म्हणाले, "हे भांडण माझं एकटीचं नाही, सर." आणि आत गेले.

सिस्टर आधीच समोर बसल्या होत्या. मला बघून उठल्या. बाहेर गेल्या. मी त्यांच्या जागी बसले. सूनबाई खाली बघत होती. मी तिचा चेहरा दीड महिन्यानंतर बघत होते.

मी तिच्याच बोलीत सांगितलं. पडद्याच्या मागे मी होते. तीनही वेळा. आम्ही बौद्ध. तुमच्या सासऱ्यांना ते चालत नाही म्हणून मला लपवलं. आणि मी लपले. तुम्ही विचारलं तेव्हाही मी गप्प राहिले. ती माझी चूक.

तिनं मान वर केली.

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली. "पडदाना खाले तुमना पाय दिखेत. मी सिस्टरले नही सांगं. त्या पायसले सांगं."

मी तिची पावलं वाचत होते आणि ती माझी. आईची राख तिनं माझ्या पावलांना सांगितली होती. मागे कोण आहे हे तिनं विचारलं, ते माहीत नव्हतं म्हणून नाही. मला बाहेर यायला तिनं वाट करून दिली होती. चार महिने जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, तिनं माझ्यासाठी तोंड उघडलं होतं.

"मंग तुम्ही बोलन्यात का नही?" तिनं विचारलं.

माहीत नाही, असं मी तिला सांगितलं.  तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हलले नाही, बोलले नाही. नुसती तिच्यासमोर बसून राहिले. जे तेव्हा करायला हवं होतं ते आता केलं.

दार उघडलं. नाना होते, मागे साहेब. नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. या वेळी कॅलेंडरकडे नाही, माझ्याकडे.

"चाल," ते सुनेला म्हणाले.

ती लगेच उठली नाही. किती वेळ, ते मी घड्याळात बघितलं नाही. पण लगेच उठली नाही. मग उठली आणि गेली.

ती परत आली नाही. मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. एकदा चोपड्याला जाऊन आले, घराच्या फाटकापर्यंत. आत जाऊ दिलं नाही. ती जेवायला लागली का, बोलायला लागली का, जिवंत आहे का, मला माहीत नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टीच्या शेवटी पेशंट बरा होतो. मी पहिल्याच दिवशी, 'आपल्यातल्याच' म्हटल्यावर तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मला लागत नाही. हे ओझं माझं आहे. ते कोणी समजूत घालून उतरवू नये.

मला लेखी विचारणा झाली. रुग्णाच्या नातेवाइकांशी उद्धट वर्तन. साहेबांनी माफीचा मजकूर स्वतःच लिहून आणला होता, फक्त सही करायची होती. चांगले गृहस्थ होते, म्हटलं ना. मी सही केली नाही. मला जुन्या केसपेपरच्या खोलीत बसवलं. आबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी माझ्या सायकलीत हवा भरताना म्हणाले, "सही नही कई, ते बरं कयं." मग दुसऱ्या चाकाला पंप लावला. तेहेतीस वर्षांत त्यांनी किती ठिकाणी अंगठा, किती ठिकाणी सही केली असेल, ते मी विचारलं नाही.

वर्षभरानं मी नोकरी सोडली आणि जळगावला आले. भाड्याच्या एका खोलीत हेच काम करते. खोलीत पडदा नाही. खिडकीलाही नाही.

कोणी नवीन आलं की पहिलं वाक्य माझं असतं. मी माझं नाव सांगते, आडनाव सांगते, गाव सांगते, आणि पुढचे प्रश्न कोणी विचारायच्या आत सांगते की आम्ही बौद्ध. मग म्हणते, हे ऐकून उठायचं असेल तर आत्ता उठा. काही उठतात. मागे पारोळ्याचे एक मास्तर उठले, तीन रात्री झोप नव्हती बिचाऱ्यांना. वाईट वाटलं. थांबवलं नाही. याच कामातले ओळखीचे लोक मला सांगतात, अहो बाई, हे सांगायची काय गरज आहे, कोण विचारतंय आता. पुढचा माणूस आला की मी परत सांगते.

जे बसतात, त्यांना मी काय झालं ते विचारते. मग कोणी केलं ते विचारते. नाव घ्यायला लावते. तोंडानं, मोठ्यानं. बरं वाटेल, असं आश्वासन देत नाही. काहीतरी वाटेल, एवढं सांगते.

ज्याला उठायचं त्यानं उठावं. मी उठणार नाही.